एका पातीला चार बोंडं

नुजहतला दहा माणसं हवी होती.

फुलसावंगीसारख्या मोठ्या गावात दहा माणसं मिळणं म्हणजे काही अवघड गोष्ट नाही. रस्त्याकडेला एखाद्यानं मोटारसायकलची चेन बसवायला घेतली तरी पंधरा जण सल्ला द्यायला उभे राहतात. पण नुजहतला ही माणसं वीस मिनिटं एका जागी बसलेली हवी होती, आणि वर त्यांना रसायनशास्त्र ऐकावं लागणार होतं.

बारावीचा रसायनशास्त्राचा पेपर आणि तिचं लग्न एकाच आठवड्यात आले होते. लग्न झालं, पेपर राहिला. त्याला बरीच वर्षं झाली. मग एका वर्षी फोनवरचं नेट जवळजवळ फुकट झालं आणि तिला मोबाइलवर एक अभ्यासक्रम सापडला : विज्ञान आणि यंत्रविद्येची तोंडओळख, कोणालाही खुला, पैसे नाहीत. पहिला भाग पदार्थांचा, दुसरा विजेचा आणि यंत्रांचा. तिचा जीव दुसऱ्या भागात होता. नवरा जफर घराच्या पुढच्या टिनाच्या शेडमध्ये फवारणीचे पंप आणि मोटारी दुरुस्त करायचा. मोटारीच्या तारा कशा गुंडाळायच्या हे त्याला पाठ होतं, तशाच का गुंडाळायच्या, हे विचारलं की तो म्हणायचा, "उस्तादानं सांगतलं म्हनून." नुजहतला ते 'का' हवं होतं.

पण पहिला भाग पास झाल्याशिवाय दुसरा उघडत नव्हता, आणि पास व्हायला शेवटचा स्वाध्याय असा होता : शिकलेला एक धडा निदान दहा जणांना समजावून सांगा, त्याचा व्हिडिओ काढा, रविवारी रात्रीपर्यंत पाठवा. श्रोते सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसलेले दिसले पाहिजेत. मधून उठून गेले तर नापास.

ती सगळ्यात आधी शेजारी राहणाऱ्या मोठ्या जावेकडे, अकीलाकडे गेली.

"बाजी, रविवारी जरा वीस मिनिटं बसा ना माझ्या धड्याले."

"मेरेको टाइम नै बाई," अकीला म्हणाली. ती त्या वेळी दारात बसून रस्ता पाहत होती. "काहे का धडा?"

"अणू एकमेकाले कसे धरून राह्यतात, त्याचा."

"धरने दे उनको. अपन काहेको बीच में पडना?"

समोरच्या दळणवालीनं पाहुणे येणार असल्याचं सांगितलं. मशिदीमागच्या मैत्रिणीनं विचारलं, चहा आहे का. आणि चहा आहे म्हटल्यावर, नाश्ता आहे का. दोन दिवस हिंडून नुजहतच्या पदरात एकच माणूस पडला. तो जफर. आणि त्याला तर व्हिडिओ काढायचा होता.

गुरुवारी भावसिंग नायक पंप घेऊन आले.

भावसिंग गावाबाहेरच्या बंजारा तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख. साठीचे, डोक्याला पांढरा फेटा, बोलणं थोडं आणि ठाम. तांड्यात त्यांचा शब्द चाले, कारण ते कधीच 'मला वाटते' म्हणत नसत. मे महिना संपत आला होता. गेल्या हंगामात गुलाबी अळीनं कपाशीची बोंडं आतून पोखरली होती. वरून हिरवंगार बोंड, फोडलं की आत कवडी, म्हणजे किडून चिकटलेला कापूस, आणि अळी. आता पेरणी तोंडावर आली तरी कोणतं बियाणं घ्यावं हे कोणालाच कळत नव्हतं. बसमध्ये बोंड, लग्नाच्या पंगतीत बोंड, मयतीला गेलं तरी चितेपासून चार पावलांवर बोंड. अशा माणसाच्या कानात दुसरं काही शिरायला जागाच नव्हती.

जफरनं पंपात अडकलेला कचरा उडवायला कॉम्प्रेसर सुरू केला. तो आवाज असा की आतल्या खोलीत नुजहतला मोबाइलचा आवाज पूर्ण वाढवावा लागला. मग जफरनं मध्येच कॉम्प्रेसर बंद केला आणि टिनाच्या आडून शिक्षकाचा खणखणीत आवाज थेट भावसिंगांच्या कानात आला.

"सिंगल बॉन्ड कमज़ोर होता है. डबल बॉन्ड मज़बूत, आसानी से नहीं टूटता. और ट्रिपल बॉन्ड तो उससे भी मज़बूत. अब याद रखिए, एक कार्बन को चार बॉन्ड."

भावसिंगांच्या हातातली तंबाखू तशीच राहिली.

"जफर, भाभी काय ऐकून राह्यली?"

"शिकून राह्यली ना. सध्या कार्बनचं चालू हाये."

"कार्बन?" हे नाव भावसिंगांनी बियाण्याच्या कोणत्याच पाकिटावर वाचलं नव्हतं. "नवीन हाये का?"

"आपल्यासाठी नवीनच. तिले दहा लोक पाह्यजेत रविवारी. समजावून सांगते म्हने."

"डबल बोंडाचं?"

"हो, तेच ते. दिवसभर बोंड-बोंडच चालू असते घरात."

"पैसे?"

"फुकट हाये."

भावसिंगांनी आवाज खाली आणला. फुकट म्हटल्यावर कोणताही शेतकरी आधी सावध होतो. "मंग आमाले कसं भेटल?"

इतक्यात नुजहत पाणी घेऊन बाहेर आली. आपल्या धड्याबद्दल कोणी स्वतःहून विचारतंय हे ऐकून तिचा चेहरा असा उजळला, की भावसिंगांची खात्रीच झाली.

"सोपं हाये दादा," ती म्हणाली. "फकत लिंक लागते. मी देते ना."

भावसिंगांनी जफरकडे पाहून मान हलवली. हे त्यांना अपेक्षितच होतं. दरवर्षी चांगल्या बियाण्याचं पाकीट मागितलं की दुकानदार सोबत नको ती औषधाची बाटली गळ्यात मारायचा. त्यालाच लिंकिंग म्हणत. "म्हनजे लिंकिंग हायेच," ते म्हणाले. "असू दे. माल चांगला असला तं चालते."

जफरला यातलं काही कळलं नाही, पण पंप दुरुस्त झाला होता आणि गिऱ्हाईक खूश होतं. त्यानं चौकशी केली नाही.

भावसिंग तांड्यात पोचले आणि त्यांनी फक्त तिघांना सांगितलं, कोणाला सांगू नका म्हणून. जे ऐकलं होतं त्यात त्यांनी स्वतःचं काही घातलं नाही, फक्त शेतकऱ्याला पटेल असं जुळवून घेतलं. कार्बन नावाचं वाण आलं आहे. आपल्या कपाशीला एका पातीला, म्हणजे फुलाच्या कळीला, एक बोंड लागतं, याला एका पातीला चार. त्यात सिंगल बोंडाचं कमजोर, डबल बोंडाचं मजबूत, तिबलचं तर अळीच्या बापाला फुटत नाही.

"कोन सांगते?" त्यांच्या बायकोनं, बिजलीबाईंनी विचारलं.

"पंपवाल्या जफरची बायको. मोबाइलवर कंपनीचा साहेब तिले सोता शिकवते."

"तिलेच काहून?"

"तिचं शिक्षण हाये. तुले-मले कोन शिकवन?"

शनिवारी बाजाराच्या दिवशी नुजहत कांदे घ्यायला निघाली तेव्हा गावानं तिला सलाम ठोकायला सुरुवात केली. कांदेवाल्यानं वजन करून वर दोन कांदे टाकले. "ध्यान असू द्या भाभी, आपलं कोरडवाहू हाये," तो म्हणाला. दळणवालीचे पाहुणे रद्द झाले होते. मशिदीमागची मैत्रीण म्हणाली, नाश्ता नको, चहाही नको, फक्त पुढची जागा दे.

नुजहतला आधी आनंद झाला. रसायनशास्त्राची एवढी ओढ या गावात होती आणि आपल्याला पत्ता नव्हता, म्हणून तिला थोडी लाजही वाटली. मग एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कार्बनच्या दोन झाडांत अंतर किती ठेवा लागते?" तेव्हा तिच्या हातातली पिशवी खाली आली.

ती सरळ बायकांपैकी होती. खोटं बोलायचं तर तिला आधी घाम फुटायचा. त्यामुळे तिनं बाजाराच्या मध्यावर उभं राहून सांगून टाकलं, "हे पाहा, हे कपाशीचं बोंड नाही. माझ्यापाशी कोनतंच बियानं नाही."

लोक एकमेकांकडे पाहून समजूतदारपणे हसले.

"संपलं का?" एकानं विचारलं.

"होतंच कवा?" नुजहत म्हणाली.

"बरोबर हाये," दुसरा म्हणाला. "चारचौघांत असंच सांगा लागते."

तिनं हीच गोष्ट आणखी चार ठिकाणी सांगितली, आणि प्रत्येक ठिकाणी कार्बनचा भाव वाढला. संध्याकाळपर्यंत गोष्ट दिग्रसला गेली. तिथले बियाण्याचे दुकानदार बाबाराव मोटारसायकलवरून आले आणि शेडसमोर हात जोडून उभे राहिले.

"जफरभाऊ, दुसऱ्या कोनाले शब्द देला नाही ना?"

"कायचा शब्द?"

"तालुक्याच्या एजन्सीचा."

"बाबारावजी, ते केमिस्ट्री हाये. शाळेतली."

"हो हो," बाबाराव डोळा मिचकावत म्हणाले. "आमीबी शाळेतच शिकलो. उद्या थंड पान्याचे जार मी पाठवतो. तुमी काई खर्च करू नका."

ते गेल्यावर जफर बायकोकडे बघत बसला. "नुज्जो, तुले दहा लोक पाह्यजे होते ना?"

"पन हे कायच्यासाठी येऊन राह्यले ते तं पाहा."

"लिहिलंय का कुठं, की श्रोते कायच्यासाठी आले पाह्यजेत?"

लिहिलेलं नव्हतं. तिनं सूचना पुन्हा वाचून पाहिल्या. तरी तिनं ठरवलं, की धडा सुरू करण्याआधी खरं काय ते सांगायचं. उठून गेले तर गेले.

रविवारी सकाळी शेडसमोरच्या कडुलिंबाखाली एवढी गर्दी झाली, की बसचा ड्रायव्हर गाडी थांबवून कोण गेलं म्हणून विचारून गेला. पहिल्या रांगेत बाबाराव बसले होते, दोन्ही बाजूंना पाण्याचे जार. त्यांच्याशेजारी भावसिंग, हे सगळं आपल्यामुळे आहे अशा थाटात. मागे बायका, त्यांत बिजलीबाई. अकीलाला टाइम नव्हता. ती आपल्या दारातूनच बघत होती. जफरनं मोबाइल एका उभ्या पंपाच्या दांडीला बांधला आणि अंगठा दाखवला.

"सुरू करायच्या आधी सांगते," नुजहत म्हणाली. "मी बियानं इकत नाही. हा जो बॉन्ड हाये, तो अणूंचा हाये. अणू म्हनजे लई बारीक कन. ज्याले जायचं असन त्यानं आत्ताच जा."

कोणी हललं नाही. बाबाराव शेजाऱ्याच्या कानात म्हणाले, "रेकॉर्डिंग चालू हाये ना, म्हनून."

मग नुजहतनं धडा सुरू केला, आणि सुरू केल्यावर ती बाकी सगळं विसरली. कार्बनला चार हात असतात, ती म्हणाली, आणि प्रत्येक हातानं तो कोणाला तरी धरतो. एका हातानं धरलं तर सिंगल. तिनं बाबारावांना आणि भावसिंगांना उभं केलं, एकेक हात एकमेकांच्या हातात दिला आणि मधून आपल्या हाताचा एक झटका दिला. हात सुटले.

"पाह्यलं? सिंगल. लवकर तुटला."

"कमजोर हाये," गर्दीतून आवाज आला. माना हलल्या. हे तर तांड्यातही कळलं होतं.

"आता डबल. दोघांनी दोन्ही हात धरा लागतात. कोन येते?"

बाबारावांनी बसून घेतलं होतं. दोन पुरुषांनी दोन्ही हात धरून उभं राहणं कोणालाच बरं वाटेना. तेवढ्यात मागून बिजलीबाई उठल्या, घुंगरांच्या घागऱ्यानं वाट करत पुढे आल्या आणि नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"आना हात," त्या म्हणाल्या.

"इथं?"

"मंग कोठी? होळीले सारा तांडा हात धरून नाचते तं लाज नाही वाटत."

भावसिंगांनी हात दिले. बायका पदराआड हसल्या. भावसिंग फेट्याच्या आत घामाघूम झाले, आणि घाम आला की माणूस विचार करू लागतो. त्यांनी बायकोच्या हातांकडे पाहिलं, बाबारावांच्या जारांकडे पाहिलं, दांडीला बांधलेल्या मोबाइलकडे पाहिलं.

"भाभी, एक सांगा. याच्यात कपाशी कोठी हाये?"

"नाही दादा. कालपासून तेच सांगून राह्यली मी."

"आन एका पातीले चार बोंडं?"

"पाती नाही. कार्बन. बॉन्ड."

बाबारावांनी हळूच एक जार आपल्याकडे ओढला. मागच्या रांगेतले दोघे-तिघे उठून धोतर झटकू लागले, आणि सगळ्यांचे डोळे भावसिंगांवर गेले. नायक उठला की गर्दी उठणार होती. जफरनं बोटांनी खूण केली : अजून आठ मिनिटं बाकी. नुजहतच्या डोळ्यांसमोर दुसरा भाग, त्यातल्या तारा, त्यांचं ते 'का', सगळं एकदम मिटू लागलं.

"चाला," भावसिंग म्हणाले आणि वळले. पण वळता आलं नाही.

"सोड," ते बायकोला म्हणाले.

"कायले सोडू? भाभीनं सोडा म्हनलं का?"

"लोक पाहून राह्यले."

"पाहू द्या." बिजलीबाईंनी पकड घट्ट केली. "लग्नात तुमी एकच हात धरला होता. दुसरा आज भेटला."

भावसिंगांनी ओढलं. बिजलीबाईंनी जन्मभर विहिरीतून पाणी ओढलं होतं. त्या तसूभर हलल्या नाहीत. भावसिंगांनी आणखी जोर लावला, फेटा सुटून कानावर आला. आधी बायका हसल्या, मग पुरुष, मग ज्यांनी धोतर झटकलं होतं ते मजा बघायला परत खाली बसले. दारातून बघणारी अकीलासुद्धा पायरी उतरून पुढे आली.

नुजहतला एका क्षणात कळलं, की याहून चांगला धडा तिला घेता आला नसता.

"पाहा," ती ओरडलीच. "सिंगल एका झटक्यात तुटला. हा तुटून राह्यला का? तोडायचा तं जोर लागते. त्या जोरालेच ऊर्जा म्हनतात. आन दादा सध्या तीच खर्च करून राह्यले."

भावसिंगांनी जोर लावणं थांबवलं. नायकानं सगळ्यांसमोर हरायचं नसतं. म्हणून त्यांनी चेहरा असा केला, की जणू हे आधीच ठरलं होतं. "बरोबर हाये," ते दम खात म्हणाले. "मी तेच दाखवून राह्यलो."

"आन दादा, कपाशी हाये बरं का याच्यात," नुजहत म्हणाली. आता तिला थांबवणं कोणाच्या हातात नव्हतं. "कापसाचा धागा, सरकी, हा कडुलिंबाचा पाला, साऱ्यात कार्बनच एकमेकाचे हात धरून बसला हाये. अळीतबी तोच."

"अळीतबी?"

"हो."

भावसिंगांचे हात अजून बिजलीबाईंच्या हातात होते. त्यांनी बराच विचार केला. "मंग भाभी, अळीचे बॉन्ड कसे तोडाचे तेवढं सांगा. आमच्या बोंडाचं आमी पाहून घेऊ."

या वेळी त्यांचा उच्चार बरोबर होता. कोणी हसलं नाही, कारण तो सगळ्यांचाच प्रश्न होता. नुजहतनं प्रामाणिकपणे सांगितलं, की ते पहिल्या भागात नाही. मग जफरनं हात वर केला, आणि वीस मिनिटं झाली.

निकाल पुढच्या आठवड्यात मोबाइलवर आला. नुजहतनं तो कॉम्प्रेसरच्या आवाजात ओरडून वाचला. जफरनं कॉम्प्रेसर बंद केला तरी ती ओरडतच होती. उत्तीर्ण. खाली परीक्षकांचा शेरा होता. श्रोत्यांची तन्मयता दुर्मीळ. पहिल्या रांगेतल्या गृहस्थांनी सर्वांसाठी पाण्याची सोय केली, हे अनुकरणीय. दुहेरी बंधाचं प्रात्यक्षिक करणाऱ्या ज्येष्ठ जोडप्याचा अभिनय अतिशय नैसर्गिक. सराव बराच घेतलेला दिसतो. अळीविषयी विचारलेला प्रश्न मात्र आमच्याही आवाक्याबाहेरचा आहे.

"पुढचा भाग उघडला?" जफरनं विचारलं.

उघडला होता. वीज आणि यंत्रं. तिनं पहिल्या धड्याचं नाव वाचलं, मग खालची सूचना दोनदा वाचली. या वेळी धडा पंचवीस जणांसमोर घ्यायचा होता.

संध्याकाळी भावसिंग पंप घेऊन आले. पंपाला काहीच झालेलं नव्हतं. तांड्यात आता त्यांना मागून डबल बोंड म्हणत, आणि ते ओ देत.

"आता काय शिकवता भाभी?" त्यांनी विचारलं. "पन आधीच सांगा बा, कायचं हाये ते. मंग आमचा घोटाळा नको."

अकीला दारातच बसली होती. नुजहतनं जावेकडे पाहिलं, मग मोबाइलमधल्या पहिल्या धड्याच्या नावाकडे. तिथं टॉर्चमध्ये घालतात त्या सेलचं चित्र होतं. तिला घाम फुटेल म्हणून तिनं वाट पाहिली. फुटला नाही, कारण ती खोटं बोलणारच नव्हती.

"सेल हाये," ती म्हणाली. "येत्या रविवारी. इथंच."

"सेल?" दारातून अकीला म्हणाली.

"हो बाजी. फुकट."

जफरनं कॉम्प्रेसर सुरू केला.

रविवारी ऊन चढायच्या आत कडुलिंबाखाली सगळ्यांत आधी अकीला येऊन बसली. तिच्याजवळ दोन मोठ्या रिकाम्या पिशव्या होत्या.

"आज टाइम हाये का बाजी?" नुजहतनं विचारलं.

"दिनभर है," अकीला म्हणाली आणि पिशव्या मांडीखाली दाबून पक्की बसली.